चौऱ्याण्णव उमज

वर्गात चाळीस खुर्च्या होत्या, त्यांपैकी अडतीस धड. प्रत्येक धड खुर्चीच्या पाठीला एक कपाळपट्टी अडकवलेली असायला हवी होती. मोजल्या तेव्हा सदतीस भरल्या, त्यांतल्या पस्तीस चालू. भिंतीवर एक पडदा आणि पडद्यावर एकच आकडा. शेवटच्या सत्राचे विद्यार्थी बावीस, त्यांना वाटून दिलेली गावं बावीस, परीक्षेला उरलेले दिवस चार.

परीक्षेला पेपर नव्हता. प्रत्येकाने आपल्या गावात जाऊन वीस मिनिटं बोलायचं होतं. विषय सगळ्यांना एकच, येणारी ओली उष्णतेची लाट. गुण ऐकणाऱ्यांच्या कपाळावरची पट्टी देणार होती.

मी प्राची वाढई. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर त्याच विद्यापीठात ‘विज्ञान संवाद’ या विषयाची साहाय्यक शिक्षिका म्हणून लागले. विज्ञानाच्या मुलांना विज्ञान सांगायला शिकवायचं, हे माझं काम.

पट्टीचं तत्त्व सोपं आहे. आपण काही ऐकत असतो आणि ते कळत जातं, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल बोलणाऱ्याच्या मेंदूतल्या हालचालीमागून, दोन-चार सेकंदांच्या अंतराने, जवळजवळ तशीच चालते. चिखलवाटेवर पुढच्याच्या पावलात मागच्याने पाऊल ठेवावं तशी. पट्टीतले बारीक तांबडे दिवे कपाळाच्या हाडाआड रक्त कुठे वाढतं, कुठे ओसरतं हे टिपतात. दोन्हींची चाल किती जुळली, याचा शंभरपैकी एक आकडा निघतो. त्याला आम्ही ‘उमज’ म्हणायचो.

वापरता वापरता उमज कशाने चढते ते आम्हाला कळत गेलं. घरातली वस्तू, आईचा उल्लेख, आपणच विचारून आपणच उत्तर दिलेला प्रश्न. कशाने उतरते तेही कळलं. अपवाद, शक्यतेची टक्केवारी आणि आधीच्या वाक्याला छेद देणारं वाक्य. मुलं हुशार होती. तीन वर्षांत त्यांची भाषणं लोण्यासारखी झाली.

चंद्रपूरकडच्या माणसाला उन्हाबद्दल कोणी शिकवू नये. सत्तेचाळीस अंश आम्ही दरवर्षी काढतो. इलाज ठरलेला आहे. दारं-खिडक्या बंद, कूलर चालू, बाहेर पडलं तर डोक्याला दुपट्टा. कोरड्या उष्णतेत हा इलाज बरोबरच आहे. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. कूलरच्या ओल्या गवती ताटीवर हेच होतं, घामाने अंगावर हेच होतं. त्या वैशाखात मात्र बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचा पट्टा ठाण मांडून बसणार होता आणि तिथली दमट हवा आमच्याकडे लोटणार होता. अंदाज फक्त एक्केचाळीस अंशांचा होता. लोक हसले असते अशा आकड्याला.

धोका दुसऱ्या आकड्यात होता. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून ठेवलं की त्या पाण्याची वाफ होते आणि आकडा खाली येतो. आमच्या नेहमीच्या कोरड्या उन्हाळ्यात तो पंचवीसच्याही खाली उतरतो. दमट हवेत वाफेला जागाच उरत नाही, आकडा वरच राहतो. तो पस्तीसच्या जवळ गेला की घाम नुसता ओघळतो, अंग निवत नाही, आणि सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. बंद खोलीतला कूलर अशा वेळी हवेत आणखी पाणी भरतो. छपराची आणि माणसांची उष्णता आतच कोंडते. म्हणून सांगायच्या गोष्टी तीनच होत्या. कूलर बंद ठेवा, खिडक्या उघडा, आणि सकाळी बस येईल तिच्यात बसून तालुक्याच्या एसी हॉलमध्ये या.

हर्षद कोडापे हा माझा सर्वात चांगला विद्यार्थी. त्याला चिचटोला गाव मिळालं होतं. सरावात तो माठापासून सुरुवात करायचा. “माझी माय माठाले ओलं फडकं गुंडाळते अन् मले म्हणते, हात लावून पाह्य. फडक्यातलं पाणी उडते कुठं? जाता जाता माठाची गरमी घेऊन जाते.” पडद्यावर ब्याण्णव, त्र्याण्णव. मग तो म्हणायचा, “पण हवाच ओली असली तर पाणी उडत नाही. माठ थंड होत नाही अन् कूलरही कामाचा नाही. उलट...” इथे आकडा एकसष्टवर यायचा. समोर बसलेल्यांच्या कपाळांना पट्टीखाली आठ्या पडलेल्या दिसायच्या.

“हे काढ,” मी म्हटलं.

“मॅडम, सांगायचं तर हेच हाय ना.”

“वाटायच्या पत्रकात आहे सगळं. कूलर, खिडक्या, बसची वेळ. बोलण्यातून माणसं जोडली गेली पाहिजेत. एकसष्टवर सोडलंस तर पत्रक कोण वाचेल?”

“हे काढलं तर उलटंच तर नाही समजणार लोकाले?”

“आकडा बघ, हर्षद.”

त्याने आकडा बघितला आणि वाक्य काढलं.

नवीन भाषण बांधलं की मी आधी घरी बाबांवर करून बघायचे. बाबा म्हणजे देवाजी वाढई, हाडाचे सुतार. तीस वर्षांपूर्वी लाकूड महाग झालं तेव्हा ते कूलर बनवायला लागले. आमच्या गल्लीत चौसष्ट घरं आहेत, त्यांपैकी एकोणसाठ घरांत बाबांच्या हातचा कूलर. आई त्या महिन्यात माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला नांदेडला गेली होती, त्यामुळे ऐकायला ते एकटेच.

“आण तुझा मुकुट,” ते म्हणायचे आणि पट्टी चढवून मांडी घालून बसायचे. एक पट्टी माझ्या कपाळाला असायची, आणि फोनवर त्यांची उमज चौऱ्याण्णव यायची. कधी पंचाण्णव. मी काहीही सांगितलं तरी.

“भेटते का तुले विद्यापीठात असा विद्यार्थी?” ते विचारायचे.

भेटत नव्हता. मला त्याचा अभिमान होता.

लाट पूर्वेकडच्या तालुक्यांवर आली आणि तीन दिवस राहिली. चिचटोल्यात हर्षदला त्र्याण्णव उमज मिळाली होती, बावीस गावांत सर्वाधिक. गावची वस्ती दोनशे साठ. सकाळी दहाच्या बसमध्ये अकरा माणसं बसली.

चौथ्या दिवशी तो विभागात आला. हातात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. खुर्चीवर बसला नाही.

“सरपंच भेटले,” तो म्हणाला. “माह्या पाठीवर हात ठेवला त्यांनी. म्हणे, पोरा, लई चांगला बोलला होता तू. पाण्यानं गरमी जाते, समजलं आमाले. म्हणून तर आम्ही दोन घरचे दोन कूलर एकाच खोलीत लावले.”

“आणि?”

“नऊ गेले, मॅडम. चार त्याच खोलीतले.”

त्याने गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. मला त्याच्याकडे बघवेना. मी मला येतं ते केलं. बावीस गावांची उमज आडव्या अक्षावर घेतली आणि बसमध्ये बसलेल्यांची टक्केवारी उभ्या अक्षावर. बावीस ठिपके डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेले. सहसंबंध उणे शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर. सर्वात डावीकडचा ठिपका एका अडखळणाऱ्या मुलीचा होता. तिची उमज अडतीस. ती मध्येच विसरली, आकडे चुकली, परत मागे गेली. लोकांनी तिला दीड तास धारेवर धरलं, दोघे तर तावातावाने उठून गेले आणि आणखी चौघांना घेऊन परत आले. तिच्या गावातून बसला तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.

विभागप्रमुख गेडाम मॅडमनी तो आलेख एकेका ठिपक्यावर बोट ठेवत वाचला. हा विषय त्यांनीच विद्यापीठात आणला होता.

“पट्टी खोटं बोललेली नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “माणसाला समजल्यासारखं किती वाटलं, ते तिने बरोबर मोजलं. त्याला उमज हे नाव आपण दिलं.”

“मी त्याला ते वाक्य काढायला लावलं, मॅडम.”

“माहीत आहे. सरावाची नोंद बघितली मी.” मग त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. हवामान खात्याचा नवा इशारा होता. तीन दिवसांनी पुन्हा, आणि या वेळी चंद्रपूर शहर. “रडायचं असेल तर नंतर. आता सांग, तुझ्या गल्लीत कोण सांगणार?”

मी घरी गेले. बाबा अंगणात ताट्यांमध्ये नवं गवत भरत होते. त्यांच्याभोवती सात कूलर दुरुस्तीला येऊन पडले होते. मी त्यांना बसवलं, पट्टी लावली आणि सगळं सांगितलं. चिचटोला, दोन कूलर, चार माणसं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले. चौऱ्याण्णव.

“काय समजलं ते तुम्ही सांगा आता,” मी म्हटलं.

“हेच की हवा ओली राहीन तं कूलरवर लोड येते. दोन लावा लागते.”

“बाबा!”

“अवो, ओरडते काहून? त्यायच्या ताट्या जुन्या असतीन. गावात कोण बदलते?”

मी पुन्हा सांगितलं. दुसरं उदाहरण घेतलं, चित्र काढलं. चौऱ्याण्णव, पंचाण्णव. ते माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघत होते की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. शहरातल्या एसी हॉलमध्ये यायला त्यांनी साफ नकार दिला. “उद्या-परवाच तं लोकायच्या मोटरा जळतीन. मी एसीत जाऊन बसलो तं त्यायनं कोणाले हाक मारावं?” बस दाराशी आली तरी ते तिच्यात बसणार नव्हते. खिडक्या लावून, आपला सर्वात मोठा कूलर सुरू करून, हाकेची वाट बघत बसणार होते, आणि दुपारपर्यंत मरणार होते. दोन दिवस मी भांडले, जेवले नाही, आईला फोन करून रडले. आईने त्यांना फोन केला. “समजलं ना बाप्पा,” ते तिलाही म्हणाले.

लाटेच्या दिवशी सकाळी आठला आकाश पांढुरकं होतं आणि हवा अंगाला चिकटत होती. पहिली बस साडेदहाला होती. मी प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर आणले होते. एकाला ओली वात गुंडाळली, दोन्ही एका सुट्या फळीला टांगले आणि म्हटलं, “मी काही सांगत नाही. तुम्हीच लावा आणि तुम्हीच वाचा.” पट्टी सवयीने त्यांनी स्वतःच चढवली, माझी मी लावली.

त्यांनी खिडक्या लावल्या, कूलर सुरू केला. आठ वीसला कोरडा पस्तीस, ओला एकतीस. आम्ही खाटेवर बसून राहिलो. आठ पन्नासला कोरडा तेहतीस.

“पाह्य,” ते म्हणाले. “दोन डिग्री उतरलं का नाही?”

“ओला वाचा.”

ते चष्मा वर करून वाकले. “बत्तीस. हा कसा चढला?” बोटाने काचेवर टिचकी मारून म्हणाले, “तुझा थर्मामीटर खोटा हाय.”

“असेल.”

त्यांनी वात सोडली आणि दुसऱ्या थर्मामीटरला बांधली. सुतार काटकोन तपासायचा नवा गुण्या विकत घेतो तेव्हा असंच करतो. एका बाजूने रेघ मारतो, गुण्या पालथा करतो आणि त्याच रेघेवर पुन्हा मारतो. रेघा जुळल्या तर गुण्या खरा. वीस मिनिटांनी त्यांनी पुन्हा वाचलं. अदलाबदल होऊनही ओला तो ओलाच वर होता, आणि आता बत्तीस पूर्णांक तीन.

“वात तुझी खराब,” ते म्हणाले आणि आपल्या धोतराच्या फडक्याची वात केली. मग पाणी बदललं. मग माझ्यावर चिडले. “तीस वर्ष झाले मले! लोकं काय येडे हायेत?” पावणेदहा झाले. माझ्या पाठीवरून घाम धार धरून वाहत होता आणि वाळत नव्हता.

“माणूस यातला कोणता?” त्यांनी अचानक विचारलं.

“काय?”

“दोन हायेत ना. कोरडा उतरते, ओला चढते. माणूस कोणता?”

“ओला,” मी म्हटलं. “घामाने ओला झालेला.”

ते कूलरकडे बघत राहिले. तोंडाचा रंग बदलला होता. माझी नजर फोनवर गेली. उमज सत्तावीस होती.

“मंग हे पयले काहून नाई सांगतलं?”

“सांगितलं होतं, बाबा. चार वेळा.”

“नाई. तू गोष्ट सांगतली.” त्यांनी पट्टी काढून खाटेवर टाकली, उठून कूलरचं बटण बंद केलं आणि खिडक्या उघडल्या. मला वाटलं, आता बसकडे चालतील. त्यांनी फळी उचलली. थर्मामीटर लटकत होते तशीच काखेत मारली आणि गल्लीत उतरले.

मी गेडाम मॅडमना फोन केला. अर्ध्या तासात बावीसही विद्यार्थी आले. त्यांना एकच सूचना होती. थर्मामीटर लोकांच्या हातात द्या आणि कोणी भांडायला लागेपर्यंत बोलू नका. हॉलची नोंदवही माझ्याकडे होती, त्यामुळे मला पहिल्या बसने जावं लागलं. हर्षदला मी बाबांबरोबर ठेवलं. निघताना बाबा पाचव्या घरापाशी होते.

“देवाजी, तूच तं लावून देल्ला ना बे कूलर?” आतून कोणी ओरडत होतं.

“म्हणूनच मीच काढून राहिलो. आन पेचकस, स्क्रू खोलतो.”

“अन् गरमीनं मेलो म्हंजे?”

“हा ओला पाह्य अन् मंग बोल. नाई, तू वाच, मले कायले विचारते?”

हॉलमध्ये तापमान सव्वीस होतं. अकरा वाजता आमच्या गल्लीचे एकोणतीस लोक नोंदले, बाराला अठ्ठ्याण्णव, एकला एकशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक खेपेला मी दारात उभी राहून उतरणारे चेहरे बघत होते. सगळे बाबांना शिव्या देत येत होते. एकाने सांगितलं की देवाजीने ताट्याच उपटून नेल्या. बाहेर एक्केचाळीस होतं, ओला साडेतेहतीस. बाबा एकसष्ट वर्षांचे होते आणि तीन तास उन्हात घरोघर चढत-उतरत होते. मी हर्षदला सात वेळा फोन केला. “आता येतो म्हणतात मॅडम, चारच घरं राहिली.” मग, “तीन राहिली.” आठव्यांदा त्याचाच फोन आला.

“मॅडम, काकाले घाम येणं बंद झालं. काहीतरी भलतंच बोलून राहिले.”

त्यांना चौघांनी उचलून आणलं. एक चाळीस झाले होते. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. ते मला ओळखत नव्हते. “मोटरीत तेल सोड,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. हॉलवरच्या डॉक्टरबाईंनी कानात थर्मामीटर धरला. एक्केचाळीस पूर्णांक दोन.

“अर्ध्या तासात एकोणचाळीसच्या खाली आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “आलं तर बहुतेक वाचतात. त्याच्यावर राहिलं तर मेंदू, किडन्या... बर्फ कुठे आहे?”

बर्फाच्या तीन पेट्या होत्या. आम्ही सदरा कापला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ लावला, अंगावर ओली चादर टाकली. इथली हवा कोरडी होती, इथे पाणी उडणार होतं. हर्षद आणि गल्लीतले दोघे पुठ्ठ्यांनी वारा घालत होते. त्यातला एक तोच, पेचकसवरून भांडणारा. एक पन्नासला चाळीस पूर्णांक सात. दुसरी पेटी फोडली. दोन वाजता चाळीस. बाबांचे डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. मी त्यांच्या कानाशी बोलत होते, काय ते मला आठवत नाही. गोष्ट नक्कीच नव्हती.

मागे कोणीतरी गेडाम मॅडमना गल्लीची बेरीज सांगत होतं. चौसष्ट घरं, एकसष्ट रिकामी, तीन घरांनी दार उघडलं नाही, त्यांत सात माणसं. मॅडम दोन विद्यार्थ्यांना आणि पोलिसांना घेऊन निघाल्या.

“किती वाजले?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“दोन आठ.”

त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. मी बाबांचं डोकं एका बाजूला वळवलं, तो कानात धरला, आवाज होईपर्यंत थांबले आणि वाचलं.

अडतीस पूर्णांक आठ.